स्वेटरची डावी बाजू

वणीत कापसाच्या एका जिनिंगच्या मागे पत्र्याची एक खोली, तिथे आम्ही राहायचो. आई-बाबा दोघंही जिनिंगमध्ये. सीझन संपला की काम बंद, मग मिळेल ती मजुरी. त्यातून मी बी.एस्सी. झाले, डीएमएलटी केलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट... आणि हे मी छाती फुगवून सांगते. लॅबमध्ये रक्त तपासते. जे मशीन दाखवत नाही ते नसतंच, असं माझं साधं मत. तरीही हे लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात बाबांना लघवीचं इन्फेक्शन झालं, ते रक्तात पसरलं. मी काम करते त्याच दवाखान्याच्या आयसीयूत ते बेशुद्ध. त्यांचा सीआरपी मीच लावायचे — शरीरात आतून किती दाह चाललाय ते सांगणारी तपासणी. चांगल्या माणसाचा पाच-सहाच्या आत असतो. बाबांचा दोनशे बारा. तो चढत गेलेल्या पेशंटचं पुढे काय होतं, हे मी रोज बघते. कळत सगळं होतं, करता काहीच येत नव्हतं.

सहाव्या दिवशी आकडा आला चौसष्ट. मी धावतच बाहेर गेले.

आईला आत सोडत नव्हते. ती बाकावर बसलेली, मांडीवर बाबांचं स्वेटर, आणि त्यात कोपरापर्यंत हात. जिनिंगमध्ये ती हेच करायची. ओलसर कापसाची गंजी वरून थंड लागते, आतून तापते आणि अचानक पेट घेते. म्हणून आत हात खुपसून बघायचं.

"आई, चौसष्ट! उतरून राह्यला!"

"वरून उतरला असंन. डाव्या अंगाले, बरगडीखाली, धुमसून राह्यलं. डाक्टरले सांग."

"तू आत गेलती का?"

"नाई."

"मंग मी शिकली कायले? तूच टाक ना लॅब!"

"मले तं मशीन बी नाई लागत. हात घालून पाह्य."

घातला. उजवी बाजू थंडगार. डावी... आत्ताच उतरवलेल्या कुकरसारखी. हात झटकन मागे घेतला. तिथे ऊन नव्हतं, हीटर नव्हता. स्वेटर उलटं करून झटकलं — काही नाही.

आता डॉक्टरांना काय स्वेटर दाखवायचं? शिकलेली ना मी! लाजेपोटी दीड दिवस गप्प बसले. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीआरपी आणखी खाली, आणि बीपीसुद्धा खाली. हातात चांगला रिपोर्ट, समोर बाप हातचा चाललेला. शेवटी डॉक्टरांना म्हणाले, "सर, डाव्या बाजूचा सीटी करू."

"डाव्याच का?"

"आणायच्या आधी बाबा म्हणाले होते, तिथे दुखतं." साफ खोटं.

सीटीसाठी ॲम्ब्युलन्सने यवतमाळ. पूर्ण रस्ताभर मी फक्त मॉनिटरकडे बघत होते. डाव्या किडनीमागे पू निघाला. आधीच्या सोनोग्राफीत दिसला नव्हता. बाबांना चालू असलेल्या स्टेरॉइडमुळे आकडा दबला असेल, असं सर नंतर म्हणाले.

आकड्याचं उत्तर मिळालं. माझ्या हाताला लागलेल्या त्या उष्णतेचं अजून नाही. कोणाला माहीत असेल तर खरंच सांगा. आईला विचारलं तर म्हणते, "मले काय माहीत व माय? हाताले लागलं, सांगतलं."

दीड दिवस उशीर झाला. डावी किडनी काढावी लागली. बाबा जगले. तेविसाव्या दिवशी माझा खांदा धरून दवाखान्याच्या पायऱ्या स्वतः उतरले.