अकरा नंबरची हजेरी

निवृत्त झाल्यापासून नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात मला अधूनमधून बोलावतात. विषय ठरलेला, शिक्षकांचे हक्क आणि कर्तव्ये. हक्कांवर मी झकास बोलते. कायम झालेल्या शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही, आरोप लेखी द्यावे लागतात, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, बाळंतपणाची रजा ही कुणाची मेहेरबानी नसते. हे सगळं मी तावातावानं सांगते आणि पोरंपोरी वह्यांत उतरवून घेतात. कर्तव्यांच्या यादीत हजेरीपट आला की मात्र मी पाणी मागते आणि पुढच्या मुद्द्यावर जाते. गेल्या खेपेला एका चुणचुणीत मुलीनं हात वर केलाच. म्हणाली, हजेरीपटाचं राहिलं. मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगून बसवलं. तिला जे सांगायला हवं होतं ते इथं लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी एकवीस वर्षांची होते. वडील नव्हते. आई आणि पाठच्या दोन बहिणी नगरला एका खोलीत राहायच्या, आणि त्या तिघींचं पोट माझ्या नोकरीवर होतं. नेमणूक मिळाली ती सुप्याहून आत सात-आठ मैलांवरच्या गावात, दोनशिक्षकी सरकारी शाळेत. पहिली ते तिसरी माझ्याकडे. चौथी आणि सगळा कागदोपत्री कारभार मोठ्या गुरुजींकडे. गुरुजी निवृत्तीला आलेले, सज्जन, पान खाणारे आणि कुणाशीही वाकडं न घेणारे. मी तेव्हा त्यांच्या सज्जनपणाला थोडी हसायची. स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला होता आणि रानात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. गाव सगळं दुष्काळी कामावर. अडीच मैलांवर पाझर तलाव चालू होता, तिथं माती खणायची आणि पाट्यांनी भरावावर नेऊन टाकायची. मोठी माणसं जायची आणि त्यांच्या मागं पोरं जायची. वर्ग ओस पडायला लागले. आणि नियम असा, की ठरावीक मुलं बसलेली असली तरच शाळेला दुसरा शिक्षक. तो दुसरा शिक्षक म्हणजे मी.

मी रुजू झाले त्या आठवड्यात हजेरी घेताना एक गंमत दिसली. मी नाव पुकारायची, मूल जागेवर नसायचं, आणि तरी कुठून तरी "हजर" असा आवाज यायचा. जे मूल कामावर गेलेलं असेल त्याच्या शेजारचं मूल त्याच्या वतीनं ओ द्यायचं. हे त्यांना माझ्या आधीच्या मास्तरांनी लावलेलं वळण होतं. मी चिडून गुरुजींकडे गेले. गुरुजींनी शांतपणे समजावलं, की पोरं कामावरून परत येतील तेव्हा शाळा जागेवर पाहिजे. शिवाय दुष्काळात मुलांना खायला वाटायची सुकडी यायची ती हजर मुलांच्या संख्येवर. जे आलं नाही त्याची सुकडी त्याच्या भावंडाच्या हाती घरी जायची. यात वाईट कुणाचं होतं? असं मी स्वतःला विचारायची आणि उत्तरही मीच देऊन मोकळी व्हायची. महिन्याभरात "हजर" ऐकून मी मान वर न करता हजेरीची तिरपी रेघ ओढायला शिकले.

अकरा नंबरवर जी मुलगी होती ती ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे तिसरीत असली तरी वयानं अकराची. बाप कोपरगावकडे ऊसतोडीला गेलेला, घरी आई आणि धाकटी बहीण. आईनं स्वतः हाताला धरून तिला शाळेत आणून घातलं होतं. पोर हुशार होती आणि थोडी आगाऊ. मी धडा वाचताना एखादी ओळ गाळली तर "बाई, वळ सुटली" असं भर वर्गात सांगायची. मला तिचा राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी धडा तिच्यासाठीच वाचायची. तिची एक सवय होती. शाळेत येणार नसली, की आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन सांगायची. वर्गात एवढं कुणीच करत नसे.

त्या दिवशीही ती सांगायला आली. आईला ताप भरला होता. कामावर गेलं नाही तर मस्टरातून, म्हणजे कामाच्या हजेरीवहीतून, नाव निघेल, म्हणून आईच्या नावावर ही जाणार होती. असं तेव्हा सर्रास चालायचं, कारकून डोकं मोजायचा आणि तोंड बघायचा नाही. मी म्हटलं, जा, पण सोळाचा पाढा अजून कच्चा आहे, परवा म्हणून दाखवायचा. ती हसून "व्हय" म्हणाली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं सोळाच्या पाढ्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकरा नंबर पुकारला. तिच्या शेजारी बसणाऱ्या चुलतबहिणीनं "हजर" म्हटलं आणि मी रेघ ओढली.

तलावावर माती खणताना लोक वरून खणत नसत. वरची माती कडक, म्हणून खालून पोखरायची आणि वरचा थर आपोआप खाली आला की पाट्या भरायच्या. काम लवकर उरकायचं. मुकादम ओरडायचा आणि लोक पोखरायचे. दुपारी दोनच्या सुमारास असाच एक थर लोकांच्या अंदाजाआधी खाली आला. चार बाया जिवंत निघाल्या. ती निघाली तेव्हा उशीर झाला होता.

निरोप शाळेत आला तेव्हा गुरुजी तसेच चपला घालून निघाले. मी गेले नाही. मुलांना सांभाळायला कुणीतरी हवं, असं म्हणाले. खरं म्हणजे मी घाबरले होते. टेबलावर हजेरीपट उघडा होता आणि मला तो मिटताही येत नव्हता.

दोन दिवसांनी शाळा भरली. मी हजेरी घेऊ लागले. हात आणि तोंड सवयीनं चालतात, मी नऊ म्हटलं, दहा म्हटलं आणि अकरावं नावही घेतलं. आणि वर्गातून आवाज आला, "हजर." चुलतबहिणीच्या तोंडून सवयीनं गेलं ते. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. इतकी वर्षं झाली, शेकडो वर्गांवर मी हजेरी घेतली, पण अकरा नंबर पुकारला की मूल ओ देईपर्यंतच्या क्षणात मला तोच आवाज आधी ऐकू येतो. हे कुणाला सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील, म्हणून कधी सांगितलं नाही.

पुढं कागद बोलू लागले. तालुक्याहून साहेब चौकशीला येणार असं कळलं. तलावावरच्या मस्टरात त्या दिवशी आईचं नाव हजर होतं. माझ्या हजेरीपटात मुलगी हजर होती. म्हणजे कागदावर आई तलावावर होती आणि मुलगी शाळेत. दोन्ही वह्यांचा मेळ बसत होता आणि दोन्ही वह्यांप्रमाणे कुणीच मेलं नव्हतं. माती मात्र खाली आलेली होती, तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. तलावावरच्या कारकुनानं सांगायला सुरुवात केली, की पोरगी शाळेतून पळून खेळायला आली होती आणि नको तिथं गेली.

साहेब येणार त्या दिवशी शाळा भरण्याआधीच तिची आई आली. अंगात अजून कणकण होती, खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल. तिनं तसं काही केलं नाही.

"बाई, मला दुसरं काय नगं," ती म्हणाली. "ती उंडारत गेल्ती म्हनत्यात. ती माझ्या जागी माती वाहत हुती. तुमच्या बुकात लिवा, त्या दिशी ती शाळंत नव्हती."

मी म्हणाले, लिहिते. खरंच लिहायचं असं ठरवून म्हणाले.

ती बाहेर जाऊन बसल्यावर गुरुजींनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. मला धमकावलं नाही, उलट त्यांचा आवाज फार मऊ होता. खोटी हजेरी मांडणं म्हणजे सरकारी दप्तरात खोटी नोंद. कायम शिक्षकावर आरोप आला तर त्याची चौकशी होते, त्याला बोलायची संधी मिळते. तुम्ही अजून कायम नाही. तुम्हाला महिन्याची नोटीस, कारणसुद्धा द्यायला नको. आणि माझी पेन्शन, हे त्यांनी शेवटी, खिडकीबाहेर बघत सांगितलं. मग म्हणाले, "बाई, गेलेलं लेकरू काही परत येणार नाही." मी पुस्तकातलं ते पान वाचलं. माझ्या बहिणी तेव्हा आठवीत आणि सहावीत होत्या.

साहेब आले, सोबत तो कारकून. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं हजेरीपट पाहिला, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, की ही हजर दिसते, मग तलावावर कशी?

आई दाराबाहेर व्हरांड्यात बसलेली होती. माझ्या खुर्चीवरून तिचं लुगडं दिसत होतं.

मी म्हणाले, "सकाळी होती. मधल्या सुट्टीत गेली असेल."

सगळ्यांचं काम झालं. मस्टर खरं ठरलं, हजेरीपट खरा ठरला, गुरुजींची पेन्शन राहिली आणि माझी नोकरी राहिली. कारकून साहेबाला म्हणाला, त्या वस्तीतल्या पोरांना शाळेची गोडीच नसते. वर्गात ज्या पोरीला शाळेची सगळ्यांत जास्त गोडी होती तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं आणि ते बोलायला जागा मी करून दिली होती. साहेबानं मुलांवर लक्ष ठेवत चला अशी मला तोंडी समज दिली आणि माझा जबाब लिहून घेतला.

ते गेल्यावर आई दारात आली. आत पाऊल टाकलं नाही.

"बाई," तिनं विचारलं, "ती कंदी तुमाला न सांगता गेल्ती का?"

तिला हवं होतं ते उत्तर माझ्याजवळ होतं, एका शब्दाचं. ते न देता मी हजेरीपट मिटून कपाटात ठेवला. तिनं ते पाहिलं आणि ती ओढ्याच्या बाजूला चालू लागली. मला तेव्हा जे वाटलं ते लाज नव्हती, हे मला आज कबूल केलं पाहिजे. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, हळूहळू, आणि मग ती कधी गेली नाही.

मी वर्गातलं ते दुसऱ्याच्या वतीनं ओ देणं बंद केलं. जो येईल त्याचीच रेघ. पुढच्या पावसानं गाव कामावरून परत आलं, पटाचा प्रश्न मिटला आणि यथावकाश मला कायम केल्याचा कागदही आला. गुरुजींनी पेढे आणले होते. मी ते मुलांना वाटून टाकले.

पाऊस आला त्याच जूनमध्ये ती आई धाकट्या मुलीला घेऊन शाळेत आली. मला वाटत होतं, ती या शाळेची पायरी चढणार नाही. पण जवळ दुसरी शाळा नव्हती आणि पोरीला शिकवायचं तिनं सोडलं नव्हतं. मी नाव दाखल केलं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी मुलीला आणून वर्गात बसवायची आणि स्वतः दारात उभी राहायची. मी हजेरी घ्यायची, धाकटी "हजर" म्हणायची, मी रेघ ओढायची, आणि माझा हात पुढच्या नावावर गेला की आई निघून जायची. माझ्याशी बोलायची नाही. पहिल्या आठवड्यानंतर मी टेबल दाराकडे सरकवून घेतलं, तिला दिसावं म्हणून. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ तिच्या लेकीची हे तिनं पाहून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा राहिला असेल. एका सकाळी ती एकटीच आली. कापणीचे दिवस होते, तिला कामाला उशीर होत होता. या खेपेला ती दारात थांबली नाही, सरळ टेबलाशी आली.

"आज पोरगी न्हाई आली," ती म्हणाली. "तिच्या अंगात ताप हाय. न्हाई असंच मांडा."

मी मुलांची हजेरी थांबवली. तिच्या लेकीची ओळ शोधली आणि त्या चौकोनात शून्य काढलं. ती टेबलावर वाकली. त्या शून्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यालाच न्हाई म्हनत्यात ना?"

मी हो म्हणाले.

"म्हंजी हे येतं तुमाला," ती म्हणाली, आणि कापणीला निघून गेली.