तीनशे मुळांची वही

एव्हरशाईन सिटीतल्या त्या क्लासच्या सरांचा मला आजही राग येतो. इंग्रजी शाळेत शिक्षिकेची नोकरी लागेल म्हणायचे, आणि शिकवायचे काय, तर इंग्रजी शब्दांची लॅटिन-ग्रीक मुळं. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, स्पेक्ट म्हणजे पाहणं, ग्राफ म्हणजे लिहिणं. तीनशे मुळं पाठ करा, इंग्रजी आपोआप येतं, हे त्यांचं पालुपद. मी गिरीज गावची हे कळल्यावर म्हणाले, "वाडीतल्यांची जीभ जड. वळायला वेळ लागणार." अख्खा वर्ग हसला. मी दातओठ खाल्ले आणि ठरवलं, या माणसाच्या नाकावर टिच्चून सगळी पाठ करीन.

आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारी ख्रिस्ती मावशी राहते. तिच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची आणि ती त्यात गायची. ते सगळं तिला अजून तोंडपाठ आहे. मला वाटलं, दाराशीच मास्तर सापडला. वही घेऊन गेले. वालाच्या शेंगा सोलत तिने गाऊन दाखवलं. त्यात 'पाचेम' आलं. ते माझ्या वहीत होतं: शांती. मी म्हटलं, "मावशी, बाकीच्याचा अर्थ सांग ना."

"मला काय ठाऊक, बाय? फादर शिकवायचे, आम्ही गायचो."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे जन्मभर नुसती पोपटपंची केलीस?"

तिचे हात थांबले. "गायचो लॅटिनमध्ये. पण आई आजारी पडली तेव्हा देवाकडे मागितलं ते आमच्या बोलीत. मागायला पाठांतर लागत नाही."

सूप उचलून ती आत गेली. माफी मागायची सोडून मी घरी आले आणि आणखी चाळीस मुळं घोकली.

नायगावच्या एका नव्या शाळेतून मुलाखतीला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका बाई प्रेमळ होत्या, हेच मला नंतर जास्त लागलं. म्हणाल्या, समोर मुलं बसलीत असं समजा आणि तुमच्या गावाबद्दल दोन मिनिटं इंग्रजीत बोला. केळी, माड, विहीर, भाजीच्या जुड्या बांधणारी आई, सगळं डोळ्यांसमोर आलं. तोंडातून मात्र "माय व्हिलेज इज" एवढंच निघालं. घाबरून मी सांगू लागले, की व्हिलेज हा शब्द लॅटिन 'विला'वरून आला. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तुमचं गाव?" त्यांनी विचारलं.

मी "सॉरी मॅडम" म्हणून उठले. नोकरी माझ्यानंतरच्या मुलीला मिळाली.

परतले तेव्हा मावशी कुंपणाशीच उभी होती. मी तिला इतकं टोचून बोलले होते, तरी तीच आधी बोलली.

"काय विचारलं गं?"

"गावाबद्दल."

"मग बरं झालं की! ते तर तुला ठाऊकच आहे."

मी फाटक आपटून आत गेले. मावशी अजून हाक मारते. मला अजून ओ देता येत नाही.