लाफाएलेनं स्वतःवर घेतलेली खाज

लाफाएलेला कुणी आचारी म्हटलेलं खपत नसे. "आचारी हॉटेलात असतात, पगारावर," तो म्हणायचा. "मी घरचा उमू लावतो. माझ्या बापानं लावला, मी लावतो. त्यात शहाणपण कसलं?" पण शहाणपण होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. छत्तीस वर्षं दर रविवारी पहाटे तो उमूचे, म्हणजे जमिनीवरच्या भट्टीचे, दगड तापवत आला होता. दगड लाल होऊन पांढुरके पडले की निखारे बाजूला सारायचे, वर नीरफणस, अळकुड्या, कच्ची केळी, मासे, सणावाराला डुकराचं पिल्लू, आणि सगळ्यात वर पालुसामीच्या पुड्या. मग केळीची पानं अंथरून झाकायचं आणि प्रार्थनेला देवळात जायचं. देऊळ सुटलं की उघडायचं. घड्याळ त्यानं कधी लावलं नाही. झाकलेल्या पानांचा वास बदलला की त्याला कळायचं.

पालुसामी म्हणजे अळूच्या कोवळ्या पानात घट्ट नारळाचं दूध आणि कांदा बांधून भाजायचा. आता अळू म्हटलं की पुढचं तुम्हाला सांगायला नको. कच्चं राहिलं तर घसा खाजतो, आणि असा खाजतो की माणूस देवाचं नाव विसरतो!

त्या घरात पुड्या बांधायचं काम लाफाएलेच्या थोरल्या बहिणीचं, फुआतिनोचं. पानं तोडायची तिनं, पानाचा द्रोण करून दूध ओतायचं तिनं, गाठ मारायची तिनं. भावानं त्यात हात घालायचा नाही. तिची पुडी कधी गळली नाही. गावातल्या बायकांच्या मंडळाची ती म्होरकी, वय पासष्ट, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरची डुकरं कान टवकारायची. बहिणीपुढे भाऊ कितीही मोठा झाला तरी लहानच, ही त्या बेटावरची जुनी रीत. तिचा शब्द पाळायचा, तिची लाज राखायची. लाफाएलेनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बायकोपुढे मान तुकवायची राहिली ती सगळी बहिणीच्याच वाट्याला आली, असं लोक म्हणत.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, पोरांच्या रविवारी, घोटाळा झाला. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून देवळात पाठांतर म्हणतात, आणि घरी आल्यावर आधी पोरं जेवतात, मोठी माणसं वाढतात. वर्षातून एकच दिवस, पण त्या दिवशी पोरं राजे. फुआतिनोची नात यानेता, तेव्हा सात वर्षांची, हिनं पहिला घास पालुसामीचा घेतला आणि दुसऱ्या मिनिटाला ती किंचाळायला लागली. मग तिच्या शेजारचा. मग अख्खी पंगत! कुणी पाणी पितंय, कुणी जीभ बाहेर काढून रडतंय, कुणी नारळाचा तुकडा चघळतंय. पाद्रीबाबांकडे ताट आधीच पोचलं होतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते उभे राहिले आणि खाकरत खाकरत खाली बसले.

या गोंधळात लाफाएले मागच्या चुलीच्या खोपीत गेला आणि त्यानं एक न खाल्लेली पुडी सोडली. पान शिजून मऊ झालं होतं, पण देठाचा बुडखा जागेवर होता. खायच्या अळूचा देठ पानाच्या पोटाला चिकटलेला असतो. याचा कडेला होता, खाचेत. हे ते दुसरं मोठं अळू, ज्याचा कंद खातात आणि पान खात नाहीत, मेलं तरी खात नाहीत. चार पुड्या सोडल्या, दोनांत तेच. त्यानं उरलेल्या सगळ्या पुड्या निखाऱ्यावर टाकल्या आणि जळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

म्हणजे ताईला दिसत नाही, त्याला कळलं. ताईच्या डोळ्यांवर धुकं धरलंय, आणि ती कुणाला सांगत नाहीये.

तो बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी चूक. मी घाई केली. दगड लवकर उघडले."

"छत्तीस वर्षांत तुला आजच घाई सुचली?" फुआतिनो कडाडली. "पाद्रीबाबांच्या घशाला खाज! पोरांच्या दिवशी! म्हातारा झालास तू, लाफा. पुरे झाला तुझा उमू."

त्यानं मान खाली घातली. आणि बाई बोलली ते करून दाखवणारी. त्या दिवसापासून घरातला रविवारचा उमू बंद.

गावानं काय सोडलं असेल त्याला? बसथांब्यावर उभा राहिला की पोरंठोरं विचारायची, "काय लाफा, शिजलं का?" दुकानातली बाई पाव देताना म्हणायची, "घाई नाही ना रे बाबा?" तो हसून न्यायचा. घरी आला की खोपीतल्या थंड दगडांवर बसायचा, कोंबड्यांना उगाच शिव्या द्यायचा.

फुआतिनोची लेक लोसा आपिया शहरात बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "आई, मामाला कशाला छळतेस? चला, महिन्यातून एकदा शहरात जाऊन जेवू. नवीन काहीतरी खाऊ." फुआतिनोला ते आवडलं. लाफाएलेला कुणी विचारलंच नाही. त्याला फक्त स्वच्छ सदरा घालायला सांगितलं.

मग त्या वर्षात त्यांनी आपियातली सात-आठ हॉटेलं पालथी घातली. बाजाराजवळच्या चिन्याकडे भाताचा एवढा डोंगर आला की लाफाएले म्हणाला, "हा एकट्यासाठी की मंडळासाठी?" बंदरावर पिझ्झा खाल्ला. "पाव जळलाय आणि वर कुणीतरी सांडलंय," हा त्याचा निकाल. समुद्रकाठच्या बड्या हॉटेलात पालुसामी होती, चकचकीत कागदात गुंडाळलेली, डब्यातल्या नारळाच्या दुधाची. त्यानं एक घास घेतला आणि रुमालात काढून ठेवला. शेजारच्या टेबलावरचा पाहुणा त्याला विचारत होता, हे कसं खायचं? "डोळे मिटून," लाफाएले म्हणाला. लोसानं टेबलाखालून लाथ घातली.

एक गोष्ट मात्र तो प्रत्येक ठिकाणी करायचा. मेनूकार्ड आलं की मोठ्यानं वाचायचा, प्रत्येक पदार्थ, खोडी काढत. "तळलेला मासा, हं, कालचा असणार. कोंबडीचा रस्सा, कोंबडी दाखवली असेल नुसती." लोसा म्हणायची, "मामा, हळू, लोक बघतात." फुआतिनो कार्ड हातात धरून ताठ बसलेली असायची, आणि त्याचं वाचून झालं की म्हणायची, "मी तो रस्सा घेईन." वर्षभरात तिनं स्वतः एक अक्षर वाचलं नाही आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

खरं बोलायचं तर एक जागा त्याला आवडली. बसस्टँडमागे एक म्हातारी चार बाकं टाकून कोकोचा भात विकायची, संत्र्याची पानं घातलेला. तिथं त्यानं दोन वाडगे खाल्ले, तिसरा मागितला, आणि म्हातारीला म्हणाला, "तुम्ही घाई करत नाही." एवढं बोलून त्याचं तोंड जे उतरलं ते घरी येईपर्यंत तसंच. लोसाला मामाची तेव्हा कीव आली. रात्री ती आईला म्हणाली, "एका चुकीची किती शिक्षा?" फुआतिनोनं कूस बदलली.

यंदाचा पोरांचा रविवार जवळ आला. लोसानं समुद्रकाठच्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं. तर यानेता अडून बसली. "मी पाठांतर म्हणणार नाही."

"का गं बाई?"

"सगळ्यांच्या घरी उमू आहे. आपण काय हॉटेलात कागद खायचा? मला लाफा आजोबांचा उमू पाहिजे. पोरांचा दिवस आहे ना? मग पोरं सांगतील ते."

फुआतिनोनं बराच वेळ पंख्यानं वारा घेतला. मग म्हणाली, "बरं. लावू दे त्याला. पण पानं मी तोडणार आणि पुड्या मीच बांधणार, नेहमीसारख्या. आणि लाफा, या वेळी देवळातून पळत येऊ नकोस."

लाफाएलेला आनंदानं उडी मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी पानांची आठवण झाली. ताई पानं तोडणार! ओढ्याच्या काठी घरच्या अळवाला खेटूनच शेजाऱ्यानं ते मोठं अळू लावलेलं. ते दुसऱ्याचं पीक, उपटणार कसं? आणि ताईला सांगणार कसं, की तुला दिसत नाही? जी गोष्ट वर्षभर गिळली ती आता ओकायची? पण पुन्हा पोरांचे घसे जाळायचे, हेही पाप. यानेता पुन्हा किंचाळली असती तर तो काही उमूसमोर उभा राहिला नसता या जन्मी.

त्यानं आठवडाभर यानेताला पानं शिकवली. "देठ कुठं आहे बघ. पोटाला? आपला. कडेला खाचेत? फेकून दे." पोरगी हुशार, दोन दिवसांत डोळे मिटून बोटानं ओळखायला लागली. मग तो म्हणाला, "शनिवारी आजीबरोबर टोपली घेऊन जा. वाईट पान पडलं टोपलीत तर गुपचूप काढून टाक. आजीला एक शब्द बोलायचा नाही. कळलं?"

"कळलं."

आठ वर्षांच्या पोरीला कळलं म्हणजे काय कळलं! ओढ्याकाठी आजीनं तिसरं पान तोडलं आणि ही ओरडली, "आजी, ते नको! त्याचा देठ कडेला आहे, त्यानं खाज येते! लाफा आजोबा म्हणाले तुला सांगायचं नाही, मी गुपचूप टाकणार होते!"

फुआतिनोनं ते पान हातात धरलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग अंगठा फिरवत फिरवत देठापर्यंत गेली. यानेता नंतर सांगत होती की आजी किती तरी वेळ नुसती उभी होती आणि तिच्या पायावर मुंग्या चढल्या तरी हलली नाही.

घरी आल्यावर तिनं टोपली लाफाएलेसमोर ठेवली. "तूच बांध," म्हणाली आणि आत गेली. त्या घरात हे कधी घडलं नव्हतं. लाफाएलेनं यानेताकडे पाहिलं. यानेता तोंडावर हात ठेवून कोंबड्यांकडे बघत होती. त्यानं बांधलेल्या पुड्या वेड्यावाकड्या झाल्या, दोन गळल्या. पण पानं सगळी खरी होती.

रविवारी देऊळ सुटलं. तो सावकाश चालत आला, मुद्दाम. उमू उघडला, वाफ वर गेली. पोरांची पंगत बसली, मोठ्यांनी वाढलं. यानेतानं पालुसामीचा घास घेतला आणि सगळं घर श्वास रोखून बसलं. तिनं गिळलं, आणि ताट पुढं केलं. "अजून."

लोसा टाळ्या वाजवायला लागली. "मामा! जमलं! या वेळी घाई केली नाहीस!"

तेव्हा फुआतिनो उठली. मंडळाच्या सभेत उठते तशी. "घाई त्यानं गेल्या वर्षीही केली नव्हती," ती म्हणाली. "पानं मी चुकीची आणली. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, माणसाचं तोंड दिसत नाही, आवाजावरून ओळखते. ती चूक माझी होती."

आणि लाफाएले, जन्मात कधी बहिणीपुढे आवाज न चढवलेला लाफाएले, हातातली पळी आपटून उसळला.

"कशाला बोललीस? कुणी विचारलं होतं तुला? वर्षभर मी ते डब्यातलं दूध गिळलं, ते काय हौस म्हणून? गावानं 'शिजलं का, शिजलं का' केलं, ते ऐकून घेतलं, ते काय कान गेले होते माझे? तुझं नाव राहावं म्हणून केलं सगळं! आणि तू पोरांसमोर उठून एका मिनिटात सगळं पाण्यात घातलंस!"

बोलून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. लोसा तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होती.

"म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं," फुआतिनो हळूच म्हणाली.

"त्याच दिवशी."

"आणि मी तुला म्हातारा म्हणाले. सगळ्यांसमोर. तुझ्या हातचा उमू काढून घेतला." तिचा तो टेकडीपलीकडे जाणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मला वाटत होतं खरंच तुझीच चूक असेल. असावी, असं वाटत होतं. म्हणजे माझे डोळे बरे आहेत असं झालं असतं. माझं नाव राखायला तू तुझं मातीत घातलंस. असलं नाव मला नको, लाफा."

ती हात पुढं करून चाचपडत निघाली. वाटेत ताटं होती, पोरं होती. यानेतानं आपलं ताट उचलून वाट करून दिली. आजवर ती अशी कुणासमोर चाचपडली नव्हती. लाफाएलेनं पुढं होऊन तिचा हात धरला, आणि धरला तसा तो छप्पन्न वर्षांचा बाप्या पंगतीसमोर ढसाढसा रडायला लागला. फुआतिनोनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, ओली हनुवटी, सावकाश, सगळं. "वाळलास रे," ती म्हणाली.