खाजा मियाची मुंबई

खाजा मिया मन्यार बांगड्या भरायला बसला की आधी हात बघायचा आणि मग ठरवायचा, या हाताला किती मुंबई लागेल. मऊ हात असला तर ट्रामवर भागायचं. कापूस वेचून राठ झालेला हात असला तर थेट समुद्रापर्यंत जावं लागायचं. बाई ऐकण्यात गुंतली की हात आपोआप ढिला पडतो आणि ढिल्या हातावर काच चढते, हे त्याचं सगळं कसब.

"ट्राम म्हंजे काय, तर गाडी," तो सांगायचा. "बैल न्हाई, घोडा न्हाई. घंटी वाजली की चालते, दुसरी वाजली की थांबते. आपल्या बैलाला हाका मारून मारून घसा बसतो, आन तिथं लाकडाच्या गाडीला कान हायत." एवढ्यात चार बांगड्या मनगटावर आलेल्या असायच्या.

माझे यजमान जवळा बाजारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. लग्नाआधी मी दोन वर्षं मुंबईच्या कॉलेजात शिकले होते, त्यामुळे खाजा मियाची मुंबई ऐकताना मला मौज वाटायची. त्यातली काही ओळखू यायची, काही अजिबात नाही. माल आणायला वर्षातून एकदा जात असेल, थोडं तिखटमीठ लावत असेल, एवढंच मी धरून चालले होते. बाकी माझं लक्ष कुमुदकडे असायचं. ती सात वर्षांची होती. विहीर, विंचू, बैलाची शिंगं, बोराची आठळी, जगात जे जे काही आहे ते तिला इजा करण्यासाठीच आहे असा तेव्हा माझा समज होता. तो अजूनही फारसा बदललेला नाही.

सदतीस सालच्या हिवाळ्यात खाजा मियाची थोरली बहीण अमिनाबी हजला निघाली. मुलगा फारुक तिच्यासोबत जाणार होता. मुंबईहून जहाज होतं. खाजा मिया बहिणीला पोचवायला परभणी स्टेशनपर्यंत जाणार असं ठरलं होतं. पण त्या आठवड्याच्या बाजारात उकंडराव पाटलांच्या शालूबाई बांगड्या भरायला बसल्या आणि म्हणाल्या, "परभनीलाच काहून थांबता? सख्खी भन चालली. मुंबईपर्यंत जा. आमी बी येतो. तुमाला तर मुंबई म्हंजे अंगन. एक दिस फिरवा आन परत आना."

शालूबाईंचा हात त्याच्या हातात होता. नाही म्हणायला जागाच नव्हती.

उकंडराव तसे बायकोला माहेरीसुद्धा एकटीला पाठवणारे नव्हते. पण ते म्हणाले, "खाजा मिया संगं हाय म्हनल्यावर काय भेव." झालं. शेजारची पारुबाई तयार झाली, सखुबाई तयार झाली. सकाळी उतरायचं, अमिनाबीला हाजींच्या मुसाफिरखान्यात सोडायचं, दिवसभर मुंबई बघायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचं असा बेत झाला. मग त्या एका दिवसात काय काय बसवायचं यावर दळताना, पाणी भरताना, कापूस वेचताना भांडणं सुरू झाली. पारुबाईला वर जाणारी खोली बघायची होती, जिच्यात माणूस नुसता उभा राहतो आणि माडीवर पोचतो. सखुबाईला समुद्र दुपारी घरी जातो ते बघायचं होतं. खाजा मियाच्या सांगण्याप्रमाणे समुद्र भाकरीच्या वेळेला मागे सरकत सरकत निघून जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आणि शालूबाईंना राणीच्या बागेत जाऊन राणीची ओटी भरायची होती.

"राणी दर शुक्रवारी बागेत येते," त्या मला सांगायला आल्या. "खाजा मिया म्हनले, झोक्यावर बसते. खन घेतला, नारळ घेतला. डाक्टरीनबाई, राणी सवाष्न हाय ना?"

मी घाईघाईने आहे म्हणाले.

"हे बरं झालं. लुगडं नेसता येत नसंल तिला, पर खनाची चोळी तर शिवंल."

हे बोलणं ऐकत कुमुद माझ्या मागे उभी होती. शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पोरगं बी येऊ द्या. माझ्या पदराला बांधून नेते." त्या रात्री कुमुद जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धीच भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी खाजा मियाला बोलावणं धाडलं. लेकरू पाठवायचं तर निदान रस्ता तरी विचारून घ्यावा.

तो ओसरीवर येऊन बसला. मी विचारलं, "बोरीबंदरच्या बाहेर पडलात की समुद्र कुठल्या बाजूला लागेल?"

त्याने विचार केला. "बाईसाहेब, समुद्र हाय तो. लई मोठा. सगळ्याच बाजूला असनार."

"आणि मुसाफिरखान्यातून राणीच्या बागेत कसे जाल?"

"इचारत इचारत."

"आणि राणी नसली तर?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "आपन तिथं शिकल्या बाईसाहेब. शुक्रवारी येते का न्हाई, तेवढंच मला सांगा."

"खाजा मिया, राणीच्या बागेत राणी नाही. वाघ आहे, हत्ती आहे. माकडं पुष्कळ आहेत."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "नाव तसं हाय म्हनून मला वाटलं."

तेव्हा सगळं बाहेर आलं. परभणीच्या पुढे तो कधी गेलाच नव्हता. माल नांदेडच्या व्यापाऱ्याकडून यायचा. तो व्यापारी गप्पिष्ट होता. त्याच्याकडून ऐकलेलं खाजा मिया सांगू लागला, आणि ते संपल्यावर समोरचा हात बघून पुढचं बनवू लागला.

"सखुबाईचा हात बघा आपन," तो म्हणाला. "हाड न्हाई, दगड हाय. तिला काहीच पुरंना. म्हनून मग मी समुद्राला दुपारी घरी पाठवला. ते तर माजं मलाच लई झालं वाटतं."

"ते खरं आहे," मी म्हणाले.

"काय खरं हाय?"

"समुद्र मागे जातो. त्याला ओहोटी म्हणतात. पुन्हा परत येतो, त्याला भरती. रोज होतं."

खाजा मिया माझ्याकडे बघत राहिला. "आपन माजी इज्जत राखायला म्हनून राहिल्या."

मी शपथ घेतली तरी त्याला पटलं नाही. इतकी वर्षं गावाच्या गळी थापा उतरवणारा हा माणूस एवढी एक खरी गोष्ट गिळायला तयार होईना. मला हसू आवरेना, आणि त्याचं तोंड बघून हसताही येईना.

"बाईसाहेब, आपल्याला मजाक वाटते," तो म्हणाला. "पन बघा. ह्या बाया परक्या मानसाम्होरं पदर सारखा करतात. आन माज्या हातात हात देतात. कशाच्या भरवशावर? उकंडरावांची सून, तिची लेक, सगळ्यांचे हात मी धरले. माजी जबान खोटी निघाली तर उद्या कोन हात देईल?"

सगळं सांगून टाका, एवढंच मी म्हणाले. तो म्हणाला, "त्यापरीस मला मुंबई शिकवा."

मग आमची शाळा भरू लागली. मी ओसरीवर स्टेशन म्हणून तांब्या ठेवायची, मुसाफिरखाना म्हणून पानाचा डबा, आणि कुमुद ट्राम होऊन त्यांच्यामधून धावायची. विद्यार्थी हुशार होता, पण त्याला सवय वाईट. मी म्हणायची, चौपाटीवर वाळू असते. तो विचारायचा, "पिवळी?" मी म्हणायची, साधारण पिवळी. तो म्हणायचा, "सोन्यावानी म्हनलं तर चालंल?" तिसऱ्या दिवशी मीच त्याला बोरीबंदरच्या घड्याळाबद्दल काहीतरी वाढवून सांगितलं आणि मग माझी मलाच लाज वाटली.

निघायच्या आधी अमिनाबी घरोघर माफी मागत फिरत होती. हजला जाणारं माणूस तसं फिरतं, जाणता अजाणता कुणाला दुखावलं असेल तर ते मागे राहू नये म्हणून. माझ्याकडेही आली. हात धरून म्हणाली, "कहा-सुना माफ करा बाई." मग हळूच म्हणाली, "भावालाबी म्हनलं, तू बी मागून घे. मी अल्लाच्या घरी चालले, आन हा माज्यामागं थापांची वरात घेऊन येऊन राहिला."

निघण्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. मुंबईला जुन्या बांगड्यांनी कसं जायचं, म्हणून सगळ्याजणी खाजा मियाच्या कापडी पालात जमल्या होत्या. मी कुमुदला घेऊन गेले होते. अमिनाबी कोपऱ्यात बसली होती. खाजा मियाच्या हातात शालूबाईंचा हात होता आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या गाठीपर्यंत आली होती. तेवढ्यात पालाच्या तोंडाशी शालूबाईंचा भाऊ संतराम आला. तो साखरा गावचा. एक वर्ष मुंबईच्या गिरणीत काढून दिवाळीलाच परतला होता, आणि बहीण निघाली म्हणून भेटायला आला होता.

"आक्का, खन-नारळ कुनासाठी घेतला म्हनं?" त्याने विचारलं.

"राणीसाठी. राणीच्या बागेत येते ना ती."

संतराम हसत खालीच बसला. "तिथं माकडं हायत आक्का. माकडाची वटी भरतीस काय? कुनी सांगितलं तुला?"

शालूबाईंनी खाजा मियाकडे बघितलं आणि हात मागे ओढला. पण बांगडी गाठीवर अडकलेली. ओढला तर वाढणार, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी सवाष्णीच्या हातची बांगडी वाढवणं म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको होतं. त्यामुळे हात खाजा मियाच्या हातात तसाच ठेवून त्यांना त्याच्यावर रागवावं लागलं.

"खाजा मिया, ह्यो काय म्हनून राहिला?"

खाजा मियाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अमिनाबीकडे. अमिनाबी म्हणाली, "माग माफी."

"खरं हाय त्याचं," तो म्हणाला. "मी मुंबई बघितली न्हाई. परभनीच्या पुढं मी एक पाऊल गेलो न्हाई, शालूबाई. तुमाला जे सांगितलं ते थोडं ऐकलेलं, बाकी माज्या पोटातलं. काच चढताना दुखतं. बाया डोळे मिटतात, लेकरं रडतात. पहिल्यांदा तुमी नवी नवरी होऊन आल्या, तवा लई रडल्या होत्या. तुमची समजूत घालाया मी राणी आनली. मग ती परत न्यायची कशी, हे मला कळंना. सगळ्यांच्या म्होरं माफी मागतो. उद्या येऊ नका. मी अमिनाआपाला घेऊन जातो. आन पुढच्या बाजाराला दुसऱ्या मन्याराकडं गेलात तरी माजी तक्रार न्हाई."

हे बोलून होईपर्यंत ती बांगडी आणि तिच्यामागच्या तीन मनगटावर गेल्या होत्या. शालूबाईंनी हात उचलून बघितला. चारही चढल्या होत्या. केव्हा चढल्या ते त्यांना कळलंच नव्हतं.

आता हात मोकळा होता. त्या उठून जातील असं मला वाटलं. त्या भावाकडे वळल्या.

"तू बघितली ना मुंबई? मग सांग तूच. काय हाय तिथं?"

संतराम सावरून बसला. "काय असनार. सकाळी भोंगा होतो. नळावर रांग असती. एका खोलीत आमी दहा जन. मग गिरनी."

"समुद्र?"

"हाय की. खारट हाय."

"आन?"

संतरामने खूप आठवून बघितलं. "घाम लई येतो."

पारुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. शालूबाई म्हणाल्या, "नळ बघाया मी मुंबईला जाऊ? ते काही न्हाई. सगळ्यांनी जायाचं. संतराम, तू बी चल. रस्ता तू सांगायचा, मुंबई खाजा मिया सांगतील. आन खाजा मिया, उद्यापास्नं तुमच्या पोटातलं कोनतं आन ऐकलेलं कोनतं, ते आदी सांगायचं. मग बोलायचं."

"आदी सांगितलं तर मजा जाईल," सखुबाई म्हणाली.

"बरं. मागनं सांगा," शालूबाई म्हणाल्या.

खाजा मिया खाली मान घालून काचा निवडत बसला.

"खन-नारळाचं काय करायचं?" पारुबाईने विचारलं.

"समुद्राची भरू."

"समुद्र बाप्या हाय. बाप्याची वटी भरतेत व्हय?"

यावर सगळ्याजणी विचारात पडल्या. मग शालूबाईंनाच सुचलं. "आपली पूर्णा गंगेला मिळती. गंगा समुद्राला. म्हंजी ती तिथंच नांदाया गेली ना? लेक सासरी असली तर तिची वटी भराया जात न्हाई का आपन? बराबर का न्हाई, डाक्टरीनबाई?"

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ती मुंबईच्या समुद्राला मिळत नाही, अगदी उलट दिशेच्या समुद्राला मिळते, हे मला शाळेपासून पाठ होतं. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. खाजा मियाही मान वर करून बघत होता.

"बराबर," मी म्हणाले.

त्याच क्षणी कुमुदला पाठवायचं ठरलं, खरं तर. खोटं बोलणारा माणूस लेकरू सांभाळील का, ही माझी काळजी होती. ती संपली, कारण आता आम्ही दोघंही एकाच पंगतीत बसलो होतो. बाकीच्या काळज्या मात्र होत्याच. घरी येऊन मी दोन स्वेटर बांधले, दोन्ही खिशांत नाव-गाव लिहून घातलं, ओव्याची पुरचुंडी दिली, आणि समुद्र आत गेला असला तरी त्याच्या मागे जायचं नाही असं कुमुदकडून देवापुढे वदवून घेतलं.

सकाळी परभणीची मोटार आली. अमिनाबी आणि फारुक पुढे बसले, बायका आणि संतराम मागे. उकंडराव म्हणाले, "खाजा मिया, संबाळून," आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "माकडाचं मला ठाऊक झालंय." खाजा मियाने कुमुदचा हात धरला. बांगडी भरताना धरायचा तसाच, चार बोटांत, न आवळता. मी काही सांगायच्या आधीच म्हणाला, "हा हात सोडनार न्हाई बाईसाहेब. हे पोटातलं न्हाई."

मोटार हलली. कुमुद मागे वळून बघेल म्हणून मी हात वर करून उभी राहिले. पण वेशीच्या आतच खाजा मियाचा मोकळा हात हवेत फिरू लागलेला दिसला. तो परभणीचं वर्णन करत असणार. त्या मोटारीतल्या प्रत्येकीने परभणी पाहिलेली होती. तरी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या आणि कुमुदचीही.