अळणी दहा दिवस

आणीबाणी उठली त्या वर्षी, निवडणुकीच्या धामधुमीत, माझी सतरा वर्षांची मुलगी कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाषणाला उभी राहिली आणि पहिला तासभर कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. कोल्हापूरकरांना भाषण ऐकायची हौस दांडगी. लोक थांबले, टाळ्या पडल्या, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून एकानं तिला पाणीही आणून दिलं. दुसऱ्या तासाला ती पंचगंगा नदीला निवडून द्या म्हणायला लागली, पायातल्या चपला आणि हातातलं घड्याळ वाटून टाकलं, तेव्हा गर्दीतला एक ओळखीचा माणूस धावत माझ्या शाळेत आला. "बाई, तुमची पोरगी चौकात गोंधळ घालालीय, चला." मी चौथीला भागाकार शिकवत होते. हातातला खडू तसाच घेऊन गेले.

त्याआधी आठ दिवस ती झोपली नव्हती. खरं सांगायचं तर मी खूश होते. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, पोरगी रात्र-रात्र पुस्तक घेऊन बसतेय, भराभरा बोलतेय, हसतेय. शाळामास्तरणीच्या पोटी अखेर विद्या उगवली, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा. वीस वर्षं मुलं शिकवून मला माझ्याच मुलीच्या डोळ्यांतलं वाचता आलं नव्हतं.

मग ती पडली. भिंतीकडं तोंड करून चार महिने. बोलावलं तरी ओ देईना. मी शाळेतून आले की तिला उठवून बसवायची, केस विंचरायची, घास भरवायची. परीक्षा बुडाली. आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत प्रत्येकाकडं एक इलाज होता. कुणी बाहेरचं लागलंय म्हणे, कुणी दृष्ट काढून जाई. एक बाई मला समजावत होत्या की लग्न लावून टाका, डोकं आपोआप जाग्यावर येतंय. मी म्हटलं, तुमच्याच मुलाला देते, कधी येता बघायला? पुढं सहा महिने त्या आमच्या दारावरून गेल्या नाहीत. तेवढीच शांतता.

खरा उपाय सांगितला शेजारच्या मुसलमान भाभीनं. तिच्या भावाला असंच व्हायचं आणि मिरजेच्या एका डॉक्टरांच्या औषधानं तो पुन्हा शिवणकामाला बसला होता. तिच्या नवऱ्याचा टेम्पो होता. त्यानंच आम्हाला पहिल्यांदा मिरजेला नेलं. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. म्हणाले, हा आजार कधी माणसाला आभाळात चढवतो, कधी खड्ड्यात घालतो. मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही. रोज गोळी घेऊन सांभाळायचा, मधुमेह सांभाळतात तसा.

सांभाळायचा म्हणजे सांभाळायचा. मी शाळेतला एक कोरा हजेरीपट घरी आणला आणि दिवसाच्या तीन गोळ्यांच्या तीन हजेऱ्या मांडायला लागले. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. संध्याकाळची गोळी दिवस मावळायच्या आत, कारण आमचं जैनांचं घर. सूर्य बुडाला की तोंडात लवंगसुद्धा जायची नाही, पाण्याचा थेंब नाही. दोन वर्षांत एकही गैरहजेरी पडली नाही, आणि मुलगी खरोखर सावरली. कॉलेजात परत नाव घातलं. भाजी आणायला एकटी जायला लागली.

पण गल्ली काही विसरत नाही. पोरं तिला मागून "ए भाषण" म्हणून हाक मारायची. नळावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि ती वळली की हसणं सुरू व्हायचं. ती मान खाली घालून चालायला शिकली. चौकातल्या त्या दिवसापेक्षा मला ती खाली गेलेली मान जास्त लागायची.

त्या वर्षी भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व आलं. या दहा दिवसांत ज्याला जसं झेपेल तसं तप करतात. आमच्यात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. पहिल्या दिवशी पूजा झाली की माणसं बस्तीत सगळ्यांसमोर उभी राहतात, आपला नियम मोठ्यानं सांगतात आणि पंडितजी तो देतात. माझ्या मुलीनं उठून दहा दिवसांचं अळणी एकभुक्त घेतलं. म्हणजे दिवसातून एकदाच पानावर बसायचं, पाणीही त्याच वेळी प्यायचं, आणि जेवणात मीठ नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवसापासून बायका तिच्या पाया पडायला लागल्या. ज्या नळावर हसायच्या त्याच. तप करणाऱ्याच्या पाया पडायची आमच्यात रीतच आहे. ती ताठ मानेनं चालत घरी यायची आणि मला वाटायचं, सुटलो आपण यातून.

राहिला प्रश्न गोळ्यांचा. त्या चुकवायच्या नाहीत, हे मी कपाळावर कोरून घेतलेलं. पाणी एकदाच, तर गोळ्याही एकदाच. दुपारी पानावर बसली की पहिल्या घासाबरोबर तिन्ही गोळ्या मी स्वतःच्या हातानं द्यायची. धर्मही राहिला आणि औषधही राहिलं, याचा मला केवढा अभिमान.

सहाव्या दिवशी पूजेला अक्षता वाहताना तिचा हात एवढा थरथरला की तांदूळ ताटाबाहेर सांडले. आत्ती म्हणाल्या तपाचा शीण आहे. सातव्या दिवशी दोनदा उलटी झाली. आठव्या दिवशी ती चालताना झोकांडी खाऊ लागली, बोलणं जड झालं. तरी दुपारी मी तीन गोळ्या तळहातावर धरून उभीच. तिनं त्या घेतल्या आणि मला विचारलं, "आई कुठं गेली?" मी समोर होते.

भाभीच्या नवऱ्यानं टेम्पो काढला. मिरजेपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि ती ओळख नसल्यासारखी माझ्याकडं बघत होती. सलाइन लावल्यावर डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. गोळ्या चुकवल्या का? मी म्हटलं, एकही नाही. जेवते काय? मी सांगितलं, एकभुक्त, अळणी. अभिमान तेव्हाही गेला नव्हता माझ्या आवाजातला. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. आपली गोळी म्हणजे मिठाचीच चुलत बहीण आहे, ते म्हणाले. शरीरात मीठ आणि पाणी कमी पडलं की शरीर या गोळीलाच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. मग औषधाचं विष होतं. पहिल्याच भेटीत मी सांगितलं होतं, मीठ कमी करू नका, पाणी भरपूर द्या.

सांगितलं होतं. मीही ऐकलं होतं. पण ते मला रोजच्या आमटीभाजीबद्दल वाटलं होतं. पर्व त्यात धरायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि आमच्या घरात भाद्रपदात काय चालतं हे डॉक्टरांना कसं माहीत असणार? आठ दिवस मी माझ्या हातानं माझ्या लेकीला विष चारत होते, आणि तेही वेळेवर.

ती वाचली. भरती केल्यापासून पाचव्या दिवशी तिनं मला ओळखलं, तेव्हा मी दवाखान्याच्या नळावर जाऊन पोटभर रडून घेतलं. तोंड धुतलं आणि परत आले.

घरी वेगळंच शिजलं होतं. माझे मालक साखर कारखान्यात नोकरीला, तसे बोलायला कमी. पण त्या दिवशी म्हणाले, "पुरे झालं. गोळ्या बंद. पोरगी मेली असती गोळ्यांनी." आत्तींचंही तेच. मी दोघांनाही सांगितलं, गोळ्यांनी नाही, माझ्या अडाणीपणानं मेली असती. दोष माझा आहे, तो मी उचलते, गोळीवर घालू देणार नाही. मालक म्हणाले, परत काही झालं तर? मी म्हटलं, गोळी नसली की काय होतं ते चार महिने कुणी बघितलंय? तुम्ही कारखान्यात होता. भिंतीकडं तोंड केलेल्या पोरीला घास मी भरवलाय. ते उठून बाहेर गेले. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, पण गोळ्या चालू राहिल्या.

डॉक्टरांनी प्रमाण कमी केलं आणि शेवटची गोळी झोपायच्या आधी, मोठा पेलाभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली. म्हणजे दिवस मावळल्यावर. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे झालं नव्हतं ते मी रोज करायला लागले. रात्रीच्या पाण्याचा स्पर्श नको म्हणून आत्तींनी आपली पाण्याची कळशी स्वयंपाकघरातून उचलून देवघराशेजारी नेली. मीही गोळीची वेळ बदलली नाही. माझ्या अंगात काय कमी हट्ट होता?

एकदा शाळेच्या सहलीची गाडी बंद पडून मला घरी यायला अंधार झाला. धावतपळत आले तर मुलगी म्हणाली, गोळी झाली. कुणी दिली? तिनं नुसतं देवघराकडं बघितलं. आत्ती माझ्याकडं पाठ करून जप करत होत्या. त्यांची कळशी झाकणाविना उघडी होती. मी त्यांना काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं.

वर्ष गेलं आणि पर्व परत आलं. चार दिवस आधी मुलगी म्हणाली की तिला एकभुक्त करायचं आहे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मीठ सोडत नाही, फक्त एकभुक्त. मी नाही म्हटलं. मग ती रडली नाही, आदळआपट केली नाही, तेच मला अवघड गेलं. ती विळीवर शेंगा चिरत बसली होती, हात थांबवून म्हणाली, "आई, चौकात मी काय केलं ते सगळ्या गावाला ठावं हाय. त्यानंतर पहिल्यांदा त्या दहा दिवसांत बायका माझ्याकडं बघून हसल्या न्हाईत. पाया पडल्या. एवढंच हाय माझ्याकडं. ते पण काढून घेणार तू?"

मी म्हटलं, "होय. काढून घेणार. मला तू जिती पाहिजेस. पूजनीय नको."

ती चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गोळ्या मात्र घेत होती. ती वीस वर्षांची झालेली, तिचे हातपाय बांधून ठेवता येणार नव्हते. भर बस्तीत उठून तिनं नियम मागितला असता तर मी काय केलं असतं? तोंड दाबलं असतं? आणि सगळ्यांसमोर घेतलेला नियम तिनं जीव गेला तरी मोडला नसता, ही माझीच पोरगी. पहिल्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा ती आंघोळ करून, पांढरं पातळ नेसून तयार होती.

पूजा संपली. एकेक माणूस उठून नियम सांगायला लागला. कुणी दहा उपवास, कुणी तेल सोडलं, कुणी गोड. बायकांच्या रांगेत माझ्यापुढं चौथी ती बसली होती. ती उभी राहिली. तिला खाली ओढायला माझा हात पुढं झाला, पण तिथवर पोचण्यासारखा नव्हता. मागच्या वर्षीच्या बायका कौतुकानं बघत होत्या.

"पंडितजी, मला नियम पाहिजे," ती म्हणाली. "दहा दिवसांचा न्हवं, जन्माचा. मी रोजची गोळी चुकवणार न्हाई. जेवणात मीठ सोडणार न्हाई. आणि दिवस मावळल्यावर गोळीबरोबर पाणी पिणार."

पंडितजी म्हातारे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. असला नियम आजवर कुणी मागितला नसणार. पाणी सोडायचा नियम असतो, प्यायचा कुठं असतो? पुरुषांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली तेव्हा आत्ती बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शक्तितस्तप म्हणून रोज वाचता न्हवं? जेवढी शक्ती तेवढं तप. द्या की तिला." पंडितजींनी मान हलवली आणि दिला. मंत्र तोच म्हटला, सगळ्यांना म्हणतात तो.

तो नियम तिनं पाळला. आजार त्यानंतरही दोनदा आला. एकदा चढवून गेला, एकदा पाडून. पण तो नियम मोडला म्हणून आला नाही, आणि दोन्ही वेळा आम्ही तो सांभाळला.

त्या दिवशी बस्तीतून निघताना तिच्या पाया कुणी पडलं नाही. बायका दहा उपवासवालीभोवती गोळा झाल्या होत्या. घरी आलो. मालक आणि आत्ती मागून येत होते, घरात आम्ही दोघीच. ती माठातलं पाणी घ्यायला वळली तेव्हा मी खाली वाकले आणि तिचे पाय धरले.

ती केवढ्यानं तरी दचकली. मग माझ्या दंडाला धरून मला वर ओढत म्हणाली, "आई, हे काय करालीस? उठ बघू. शाळेला उशीर व्हालाय तुला."