काठ चाखणारी ओर्तांस

ओर्तांस बॅलेत नाचणाऱ्या पोरींच्या घेराचे काठ चाखायची. खाली बसायची, मलमलीचा काठ जिभेला लावायची, क्षणभर डोळे मिटायची आणि पुढच्या पोरीकडे सरकायची. नवीन आलेली प्रत्येक पोरगी आधी खुदकन हसायची आणि मग मला हळूच विचारायची, "ही बाई जरा सटकलेली आहे का हो?"

"आहे," मी सांगायची. "तू तुझा घेर पुढे कर."

आता विंगेत विजेचे दिवे आलेत. घेरही पार आखूड झाला. कमरेभोवती ताठ उभा राहतो, मांडीसुद्धा झाकत नाही, आणि पोरी त्याला टुटू म्हणतात. ओर्तांसनं म्हातारपणी तो पाहिला तेव्हा म्हणाली, "बरं झालं. आगीला धरायला काही ठेवलंच नाही." आमच्या वेळी घेर पोटरीच्याही खाली यायचा. मलमलीचे थरावर थर, आणि दिवे गॅसचे, उघड्या ज्योतीचे. पोरगी गिरकी घेत विंगेपाशी आली की माझा जीव टांगणीला लागायचा. मी पोरींना कपडे चढवायची. ओर्तांस ते धुवायची आणि त्यांना खळ करायची. तिची धाकटी बहीण बोर्दोला नाचायची. तिचा घेर पेटला आणि ती गेली. ओर्तांस याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मला हे तिच्या नवऱ्याकडून कळलं होतं.

त्याच सुमारास तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्याची युक्ती निघाली. त्यात बुडवून वाळवलेलं कापड काळं पडतं, पण भडकत नाही. फक्त ते पिवळट दिसतं, जड होतं आणि पायाला खरखरतं. पोरी वैतागायच्या.

"मावशी, यात मी परी दिसत नाही, पिठाचं पोतं दिसते!"

"दिसू दे," ओर्तांस म्हणायची. "पोतं घरी परत जातं."

पण कापड एकदा साध्या पाण्यात खळबळलं की तुरटी उतरते, आणि ते पुन्हा पांढरंशुभ्र. पोरींना हे कळायला कितीसा वेळ लागणार! म्हणून ओर्तांसची जीभ. काठ तुरट लागला तर ठीक. फिका लागला तर घेर परत तुरटीच्या पिंपात आणि पोरीचा उद्धार.

आमच्याकडे झेली ग्रिवो नावाची पोरगी होती. गुणी, पण आईच्या मुठीत. आई दिवसभर विणकाम घेऊन कपडेपटात ठाण मांडून बसायची आणि सगळ्यांना अक्कल शिकवायची. झेलीला पहिल्यांदाच एकटीचा नाच मिळाला, रविवारी दुपारच्या खेळात. आदल्या दिवशी आईनं काठाला टाका घालायचा म्हणून घेर घरी नेला. रविवारी विंगेत मी तो झेलीच्या कमरेला बांधला आणि मनात म्हटलं, काय लख्ख दिसतोय! दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, तुरटीचा घेर लख्ख दिसत नाही. मी ओर्तांसला हाक मारायला वळले, तर ती आधीच झेलीच्या पायाशी बसली होती.

"फिका," ती म्हणाली. "झेली, सोड हा."

"मावशी, वाद्यं सुरू झालीत! आता माझी एन्ट्री आहे!"

"हात लावायचा नाही!" आई मध्ये पडली. "पोरगी पहिल्यांदा एकटी नाचतेय. तिनं काय मळकी चादर गुंडाळून नाचायचं? एकदाच तर पाण्यातून काढलाय."

"एकदाच पुरतं, बाई."

"तुम्हाला जन्मात कुणी पांढऱ्या घेरात पाहिलं नाही ना, म्हणून हा जळफळाट!"

ओर्तांसनं मान वर केली. "मी माझ्या बहिणीला पाहिलंय पांढऱ्या घेरात. शेवटचं तेच पाहिलं," ती म्हणाली, आणि कात्रीनं घेराच्या नाड्या कापल्या.

नुकत्याच नाचून आलेल्या एका पोरीचा पिवळट घेर मी उतरवला आणि झेलीला चढवला. तो ढगळ झाला, तिथे टाचण्या खुपसल्या. झेली मुसमुसतच उजेडात गेली.

नाचली मात्र सुरेख. मी डोळे पुसत बघत होते. शेवटच्या गिरक्या घेत ती आमच्या बाजूला आली, घेर फुलला आणि त्याचा काठ विंगेतल्या ज्योतीवरून गेला.

करपल्याचा वास आला. काठावर काळा डाग उमटला. तो पसरला, नाण्याएवढा झाला आणि थांबला. खरंच थांबला. झेलीला पत्ताही नव्हता. ती गिरकी घेत परत मधोमध गेली. तिच्या आईनं माझा दंड घट्ट धरला. मला एकदम हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. ओर्तांसच्या हातात आग विझवायला ठेवलेली ओली घोंगडी होती. तिनं ती कधी उचलली, मी पाहिलंच नव्हतं. तिनं ती खाली ठेवली आणि भिंतीला टेकून लांब श्वास सोडला.

टाळ्या घेऊन झेली आत आली ती फणकाऱ्यातच. "सगळे या घेराला हसले असतील!"

आईनं तो काठ तिच्यासमोर धरला. काळ्या डागाच्या जागी पडलेल्या भोकातून आईचं बोट आरपार गेलं. झेली त्या बोटाकडे बघत राहिली आणि मग ओर्तांसच्या गळ्यात पडली. ओर्तांस तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "गधडे, टाचण्या टोचतायत मला."

पुढच्या रविवारी विंगेत ओर्तांस नेहमीसारखी खाली बसायला लागली.

"थांबा, मावशी." झेलीनं स्वतःच घेराचा काठ उचलला, जिभेला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! तुरट आहे."

मागे तिची आई उभी होती. आज विणकाम नव्हतं; दोन्ही हातांत ओली घोंगडी होती.

"येते हं," झेली म्हणाली आणि उजेडात गेली.