गाऱ्हाण्याची सीडी

नारळी पुनव चार दिवसांवर आली होती आणि भावाचा आवाज माझ्या हातून पुसला गेला, अशी माझी खात्रीच झाली. देवबागात समुद्राला नारळ देताना गावाचं मागणं देवाला सांगणारं गाऱ्हाणं तोच घालायचा आणि जमलेले सगळे प्रत्येक ओळीला 'होय महाराजा' म्हणायचे. तो वारला आणि मान माझ्याकडे आला. त्याचं गाऱ्हाणं फक्त एका सीडीत उरलं होतं. मालवणात संगणकाच्या दुकानात बसून मी ते पाठ करत होतो. मध्येच काहीतरी दाबलं गेलं. पडद्यावर चौकटीच चौकटी आल्या आणि आवाज बंद.

शाळा दुसरीपर्यंत, पण कुणाला विचारणं माझ्या रक्तात नाही. घाम पुसत बसलो. शेजारच्या खुर्चीवरची अनोळखी बाई उठून आली.

"आजोबा, काय दाबलात?"

"माका खुळो समाजतस काय गो?"

ती हसली नाही. "रापणीचा जाळा किनाऱ्यार वडूक दोर किती? दोनच मां? मगे हंयसर पण दोनच बटणां बघा. ह्यां आवाजाचां, ह्यां परत परत लावचां." बाकीच्या चौकटी तिने बंद केल्या आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. "आता तुमी दाबा."

मी बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं.

"दाबा. कायव दाबलात तरी सीडीतलो आवाज पुसलो जावचो नाय."

मी दाबलं. भाऊ बोलला, "बा देवा महाराजा..."

मी हात जोडले. पाठीमागून ती हळू म्हणाली, "होय महाराजा."